मामाच्या मांडीचा परवाना

आंजी (मोठी), तालुका वर्धा
माघ वद्य पंचमी, सन १९५८

राजमान्य राजश्री जवाईबुवा वासुदेवराव यांस, मुक्काम नैरोबी.

आंजीहून रूपरावचा सप्रेम रामराम. वयाने तुम्ही धाकटे, पण जावई हा दहावा ग्रह असतो आणि ग्रहाचे वय कोणी विचारत नाही, म्हणून कागदावर वाकून नमस्कारही करतो. (प्रत्यक्षात वाकवत नाही. तुरीचे ओझे उचलताना कमरेत उसण भरली. शेजारच्या देवकाबाईंनी पायाळू माणसाकडून लाथ मारून घ्यायला सांगितले. ती घेतली. आता दोन जागी दुखते.) एवढे सोडले तर मी, दोन्ही बैल, म्हैस आणि देवकाबाई असे सर्वजण खुशाल आहोत. हे वाक्य मी देवकाबाईंना वाचून दाखवले तेव्हा आपले नाव म्हशीच्या नंतर का, असे त्यांनी विचारले. म्हैस दूध देते, असे मी म्हणालो, आणि तेव्हापासून त्यांनी माझ्याकडे ताक पाठवणे बंद केले आहे. तुमचा खोकला गेला का? रेल्वेच्या वर्कशॉपात धूर फार असेल, तर गूळ खात जा. आणि नलू, तू हे पत्र जवाईबुवांच्या खांद्यावरून वाचत असशील तर जरा मागे सर, त्यांना उजेड येऊ दे.

चि. प्रकाशचा फोटो पोचला. साऱ्या गावात फिरून तो परत माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या एका कोपऱ्याला हळद आणि दुसऱ्याला वंगण लागलेले होते. पण जवाईबुवा, फोटोने इकडे भांडणे लागली. खांद्यापर्यंत केस, दोन बाजूंना दोन रिबिनी, कपाळावर बट! अर्धे गाव म्हणते ही मुलगी आहे आणि रूपरावने मागच्या खेपेला मुलगा झाल्याचे पेढे फुकट वाटले. देवकाबाई तर फोटो डोळ्याजवळ धरून म्हणाल्या, "हे दुसऱ्याचं लेकरू हाय. पोस्टात बदललं." आता त्यात लेकराचा काय दोष? आपल्या घरची रीत तुम्हाला ठाऊकच आहे (नसेल तर नलू सांगेल, आणि तिने सांगितली असेल तर पुन्हा ऐका): जावळ काढायचे ते मामाच्या मांडीवर, आणि केस झेलायचे ते मामीच्या पदरात. पहिल्या वर्षी मला येता आले नाही, दुसरे वर्ष चालत नाही, आणि तिसरे येत्या श्रावणात सरते. ते हुकले की लेकरू पाचव्या वर्षापर्यंत वेणी घालून शाळेत जाणार. तुम्ही तिथे कामाच्या परवान्यावर. करार संपायच्या आत घरी आलात तर परवाना जातो आणि परवान्यामागून नोकरी. म्हणजे मांडीनेच समुद्र ओलांडायला हवा. पदराचे नलूने परस्पर जमवले. "दादाला बायको नाही, तेव्हा पदर धरायला शेजारच्या गुजराती बाईंना सांगून ठेवले आहे," असे तिने लिहिले. ते वाचून मी गोठ्यात जाऊन थोडा वेळ बैलाची पाठ चोळत उभा राहिलो. नलू, रागावलो नव्हतो. वाईट वाटले होते.

तर माझ्यासाठी तिथल्या साहेबाकडे पाहुण्याचा पास मागायला तुम्ही गेलात, हे उत्तम केलेत. पण येण्याचे कारण म्हणून 'मुलाचे पहिले केस काढणे' असे खरेखरे लिहायची काय गरज होती? तुम्ही फिटर माणूस, लोखंड जसे असेल तसे सांगता, पण सरकारला कोणी असे सांगते का? साहेबाने तुम्हाला विचारले की केस कापायला हिंदुस्थानातून माणूस आणता, तर त्याला पाहुण्याचा पास कसा चालेल, त्याला तुमच्यासारखा कामाचा परवाना लागेल, आणि नैरोबीत न्हावी संपले आहेत काय? तुम्ही सांगितलेत, न्हावी इथलाच, मेव्हणा नुसता मांडी घालून बसणार. मग साहेबाने विचारले, एवढ्या लांबून येऊन तो फक्त बसणार? तुम्ही म्हणालात, हो. (हे तुमच्या पत्रात वाचून मला जरा लागलेच. नुसते बसणे म्हणजे काय? रडणारे, लाथा झाडणारे लेकरू वस्तऱ्याखाली सांभाळून बसायचे म्हणजे गोऱ्ह्याला वेसण घालण्यापेक्षा अवघड आहे. साहेबाने एकदा बसून पाहावे.) शेवटी तो हसला आणि त्याने 'कौटुंबिक भेट' लिहून पास देण्याचे कबूल केले, पण आधी पासपोर्ट दाखवा म्हणाला. इकडे मात्र आपल्या नत्थू न्हाव्याने कामाचा परवाना हे दोनच शब्द ऐकले आणि तो वस्तऱ्याला धार लावून रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसू लागला. त्याला मी अजून स्पष्ट काही सांगितलेले नाही, कारण माझी दाढी त्याच्याच हातात असते.

पासपोर्टसाठी वर्धेला गेलो. फोटोवाल्याने टोपी काढायला लावली. टोपीशिवाय मला आजवर फक्त नत्थूने पाहिले होते, त्यामुळे फोटोत मी बैल चोरीला गेलेल्या माणसासारखा आलो आहे. कचेरीतल्या कारकुनाने अर्ज पाहिला, वय चव्वेचाळीस, शेती बारा एकर, धंदा शेतकी, सगळे ठीक म्हणाला. आता गावात तुमची चौकशी होईल, तुम्ही निर्धास्त घरी जा. मी निर्धास्त घरी आलो. तिथेच चुकले. त्याच वेळी गावात सांगून ठेवायला हवे होते, पण मला वाटले चौकशीचा माणूस म्हणजे खाकी कपडे, पट्टा, लाठी. ते कोणाला ओळखू येणार नाही?

जमादार डोमाजी हा भला माणूस आहे, हे आधीच लिहून ठेवतो. त्याला वरून हुकूम होता की चौकशी गुपचूप, साध्या कपड्यांत करावी. आता जमादाराकडे साधे कपडे म्हणजे पुतण्याच्या लग्नात घेतलेले, एवढेच. तेव्हा तो बगळ्यासारखे पांढरे धोतर, काळा कोट, खांद्यावर जरीकाठी उपरणे आणि हातात छत्री असा येऊन मारुतीच्या पारावर बसला, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारू लागला की रूपराव कसा माणूस आहे. मी शेतात तुरी झोडपत होतो. जवाईबुवा, तुम्ही वर्कशॉपात राहून विसरला असाल, पण आमच्याकडे नव्या धोतरातला परका माणूस पारावर बसून कोणाचे वय, शेती आणि सवयी विचारू लागला, तर त्याचा अर्थ एकच होतो. मुलीचा बाप सोयरीक पाहायला आला! तीही कोणासाठी, तर ज्याच्यासाठी वीस वर्षांत कोणी आले नाही त्या रूपरावसाठी! देवकाबाई म्हणे हातातले सूप टाकून धावत सुटल्या. हजार खोटे बोलावे पण एक लग्न जुळवावे, हे आपल्याकडे पोराटोरांनाही ठाऊक आहे. सारे गाव त्या पुण्यकर्माला लागले.

डोमाजीने वय विचारले. देवकाबाई म्हणाल्या, "तिशीतच हाय जी अजून. उन्हानं रापला, म्हनून मोठा दिसते." शेती विचारली, तर माझे बारा एकर धरून मालगुजाराची संत्र्याची बागही त्यांनी माझ्या नावावर केली. व्यसन विचारले, तर मी सुपारीलाही शिवत नाही असे निघाले (माझी पानतंबाखूची चंची त्या वेळी देवकाबाईंच्याच कमरेला होती). परदेशात कोण असते, असे त्याने विचारताच देवकाबाईंना वाटले, मुलीच्या बापाला नणंदेचा धाक आहे. "एकच नणंद हाय, अन् तेबी समुद्रापलीकडं. सासुरवास कराले कोनी नाई." मग अर्जदाराचा, म्हणजे माझा, परदेशी जायचा विचार आहे का? छे! "गाव सोडून वर्धेलेबी जात नाई बाप्पा. पोरगी डोळ्यासमोर राहीन तुमच्या." आणि शेवटचा प्रश्न, कधी तुरुंगात गेला होता का? आता या जिल्ह्यात हा प्रश्न म्हणजे मुलाचे शिक्षण विचारल्यासारखा आहे. नत्थू पुढे सरसावून म्हणाला, "गेलता ना जी! बेचाळीसमंदी गेलता. लाठ्याबी खाल्ल्या." बेचाळीस साली, नलू, मी कुठे होतो ते तुला आठवत असेल. दोन्ही गाल भोपळ्यासारखे सुजून गालफुगीने माळ्यावर पडलो होतो, आणि तू मला चमच्याने पेज भरवत होतीस.

डोमाजी हे सारे एकेक करून लिहून घेत होता. लिहून घेणारा मुलीचा बाप कोणी पाहिलेला नव्हता, म्हणून लोकांना त्याच्याबद्दल आदरच वाटला. शेवटी बिचाऱ्याला संकोच वाटून तो म्हणाला, "बाई, मी सरकारी मानूस हाय." "मंग तं बरंच हाय," देवकाबाई म्हणाल्या, "पोरगी सरकारी घरातली येईन." त्यांनी त्याला पाटवडीचा रस्सा आणि भाकर खाऊ घातली, आणि जाताना रीतीप्रमाणे टॉवेल-टोपी दिली. मी संध्याकाळी घरी आलो तर दारात शेणसडा, ओट्यावर पंचवीस माणसे, आणि नत्थू वस्तरा घेऊन तयार. मला वाटले कोणी गेले! कोणाची सोयरीक, कोण पाहुणा, काही कळेना, आणि पाहुण्याचे नावगाव कोणी विचारलेलेच नव्हते. रात्री मी देवकाबाईंना खूप बोललो. त्या म्हणाल्या, मुलगी चांगली असेल तर नाही म्हणू नकोस.

पुढे कचेरीतून बोलावणे आले. तिथला साहेब तरुण आहे, चष्मेवाला, आवाज मऊ. त्याने माझ्याकडे पाहिले, कागदाकडे पाहिले, आणि विचारले, अर्जदार आपण, की आपले चिरंजीव? अर्जात चव्वेचाळीस आणि चौकशीत तीस, अर्जात बारा एकर आणि चौकशीत बागायतदार, अर्जदार परदेशी जाण्यासाठी पासपोर्ट मागतो आणि गाव म्हणते तो वर्धेलाही जात नाही. शिवाय गावाने टॉवेल-टोपी देऊन तपासावर वजन पाडले. (डोमाजीने प्रामाणिकपणे तेही लिहिले होते, आणि टॉवेल-टोपी कागदासोबत जोडली होती.) तुरुंगाचे कधी सांगितले नाहीत, असे साहेबाने विचारले तेव्हा त्याच्या आवाजात थोडी भक्ती होती. मी म्हणालो, साहेब, मी तुरुंगात गेलोच नाही, मला गालफुगी झाली होती. तो म्हणाला, तसा काही दाखला? आता काय सांगावे! या जिल्ह्यात तुरुंगात गेल्याचे दाखले गल्लोगल्ली मिळतील, न गेल्याचा कोण देणार? उलट बाकावर बसलेले एक खादीवाले वृद्ध उठून माझ्याजवळ आले, माझा हात हातात घेऊन म्हणाले की विनय असावा तर असा, आणि त्यांनी मला चहा पाजला. मी तो प्यालो. नाही कसे म्हणणार?

पण खरे सांगतो, त्या दिवशी परत येताना बैलगाडीत माझा धीर सुटला. साहेबाने सांगितले होते की आणखी एकदा चौकशी करू, पण हीसुद्धा अशीच निघाली तर अर्ज नामंजूर. डोळ्यांसमोर प्रकाशच्या त्या दोन रिबिनी येत होत्या. आमची आई गेली तेव्हा नलू तीन वर्षांचीच होती. आपल्या बहिणीच्या लेकराला एकदा मांडीवर घ्यायचे, एवढे मागणे होते माझे, आणि ते माझ्याच गावाच्या प्रेमाने अडवले. घरी येऊन मी चौकात दवंडी पिटवली की या खेपेला येणारा माणूस पोलिसाचा आहे, तो सोयरीक पाहायला आलेला नाही, आणि जो खोटे बोलेल त्याचे तोंड मी पाहणार नाही. देवकाबाईंना हे फार लागले. "मंग खरंच सांगतो. सगळंच सांगतो," म्हणाल्या.

आणि सांगितले हो! डोमाजी या वेळी खाकीत आला, पारावर बसला, आणि गावाने दोन तास माझी धुलाई केली. वय चव्वेचाळीस नाही, पंचेचाळिसावे चालू आहे. घोरतो इतके की म्हैस दूध चोरते. रागीट आहे, भजनात ताल चुकतो आणि चुकला असे म्हटले तर उठून जातो. बेचाळीस साली गाल सुजवून माळ्यावर पडला होता, लाठी सोडाच, साधी चापटही खाल्ली नाही. बहिणीचे पत्र आले की गोठ्यात जाऊन रडतो आणि वर डोळ्यात भुसा गेला म्हणतो. (हे कोणी पाहिले मला माहीत नाही. भुसाच असतो.) मी कोपऱ्यात मान खाली घालून उभा होतो. मग डोमाजीने विचारले, याने लग्न का केले नाही? हा प्रश्न कागदावर होता की नव्हता, देव जाणे. देवकाबाई म्हणाल्या, "माय गेली तवा पोट्टी एवढीशी होती जी. सावत्र वागवनारी आली तं, म्हनून यानं केलंच नाई. रोज सकाळी आंगनात बसून तिची येनी घाले. भांग वाकडाच पडे. साऱ्या शाळेत तेच एक पोट्टी वाकड्या भांगाची." डोमाजीने पेन्सिल खिशात ठेवली. मग म्हणाला, "एवढं लिहाले जागा नाई कागदावर."

त्यानंतर तो चहाला माझ्याकडे आला. मला कारले आवडते का, घर शाकारलेले आहे का, बायकांनी नोकरी केलेली मला चालते का, असले बरेच प्रश्न त्याने विचारले. सरकारचा काही नवा नियम असेल म्हणून मी सगळ्यांची खरी उत्तरे दिली. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा आला, या वेळी त्याच जुन्या लग्नाच्या धोतरात आणि सोबत थोरल्या भावाला घेऊन. मी म्हटले, तपास अजून चालू आहे का? तो म्हणाला, थोडा राहिला आहे.

असो. मुख्य गोष्ट ही की वरून मंजुरी आली आहे आणि पासपोर्ट होळीपर्यंत हातात पडेल. तो पडताच मुंबईहून बोटीने निघतो. प्रकाशला सांगा, मामा येतो आहे. रिबिनी मात्र मी येईपर्यंत काढू नका, मला एकदा स्वतःच्या हाताने त्याची वेणी घालायची आहे. देवकाबाईंनी कुरडया, सरगुंडे आणि तिळाची चटणी बांधून ठेवली आहे. बाळास अनेक आशीर्वाद, नलूस आशीर्वाद, तुम्हास पुन्हा एकदा न वाकता नमस्कार.

आपला,
रूपराव

ता.क. नत्थू विचारतो, त्याच्या परवान्याचे काय झाले. त्याला दाखवता येईल असे चार शब्द वेगळ्या कागदावर लिहून पाठवावेत. नकार गोड असावा, माझी मान त्याच्या वस्तऱ्याखाली असते.

आणखी ता.क. डोमाजीला एक धाकटी बहीण आहे, गिरजाबाई. वडनेरच्या बुनियादी शाळेत मास्तरीण. लग्नानंतर वर्षभरातच नवरा गेला, त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. वय छत्तीस (हे तिने स्वतः सांगितले, गावाने नव्हे). मी वडनेरला गेलो होतो. सूत बारीक काढते, बोलते कमी, आणि मी घोरतो हे तिला आधीपासून माहीत आहे. तिने मला एकच विचारले, वेणी घालता येते म्हणतात ते खरे का? मी म्हणालो, भांग वाकडा पडतो. ती हसली. नलू, हे पत्र खरे तर तुला हे विचारायलाच घेतले होते, पण इतकी पाने लिहूनही धीर होईना. फाल्गुनात उरकायचे म्हणतात. देवकाबाई म्हणतात विधवेचा तो पाटच लावायचा, गिरजाबाई म्हणतात लग्नच म्हणा. तुझे पत्र आल्याशिवाय मी अक्षता हातात घेणार नाही, तेव्हा लवकर लिही, आणि तार केलीस तर फारच बरे.

शेवटचा ता.क. जवाईबुवा, तेव्हा तेवढे साहेबाकडे पुन्हा जाऊन पास एकाऐवजी दोघांचा करून घ्यावा. (बायकोचे नाव नवऱ्याच्याच पासपोर्टात चढवता येते, असे डोमाजी म्हणतो.) आधी नुसता बसणारा, आता आणखी एक, ती काय करणार, असे तो विचारील. खरे तेच सांगा, तुम्हाला दुसरे जमत नाही. आणि नलू, त्या गुजराती बाईंना माझा नमस्कार सांग, त्यांचे उपकार मी विसरणार नाही, पण आता त्यांनी पदर धरायची गरज नाही म्हणावे. आपली मामी येते आहे.